खावटी, बांध आणि बियाणं

पेणच्या खारेपाटात भाताची झोडणी संपली की खळ्यात पडलेल्या राशीचे वाटे आधीच ठरलेले असायचे. पुढचं पीक येईपर्यंत घराला पुरेल तेवढं भात खावटीचं म्हणून कणगीत जायचं. पुढच्या पेरणीपुरतं बियाणं पेंढ्याच्या मुडीत घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवलं जायचं. उरलेलं विकून कपडालत्ता आणि देणीघेणी भागायची. आणखी एक काम असायचं, ज्याचं पीक कुणाच्या डोळ्यांना दिसत नसे: खाडीच्या बाजूच्या बांधाची डागडुजी. उधाणाच्या भरतीत त्या बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरायचं आणि पुढची काही वर्षं त्या जमिनीत भात धड यायचं नाही.

आजचा आराम आणि उद्याची तरतूद यांचा मेळ कसा घालावा, असा प्रश्न कुणी विचारला की मला हाच हिशेब आठवतो. त्यात एक शहाणपण आहे, ते आपण विसरत चाललो आहोत. बियाण्याला माप होतं. जेवढी जमीन, तेवढं बियाणं. दुष्काळाच्या भीतीने कुणी सगळी रास मुडीत बांधून मुलांना अर्धपोटी ठेवत नसे. आणि पाहुणे कितीही आले तरी मुडी सोडून भात कांडायला घेत नसे.

आपल्या पगाराला, गणपतीच्या मूर्तींच्या हंगामाला, पापडाच्या पैशाला खावटी, बांध आणि बियाणं असे तीन वाटे लावायचे आहेत. खावटी म्हणजे आजचं जगणं आणि त्यातला आराम. बांध म्हणजे अडीनडीची शिल्लक आणि विमा. बियाणं म्हणजे पंधरा, वीस, तीस वर्षांनी लागणारा पैसा. बांध आणि बियाणं यांचं माप ठरवून ते आधी बाजूला काढा. मग खावटी मोकळ्या मनाने खा. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे. पुढे ते कसं करायचं ते पाहू.

पेणने शिकवलेला धडा, आणि त्यातून काढलेले दोन चुकीचे अर्थ

पेणमध्ये बचतीवर बोलायचं तर पेण अर्बन बँकेला वळसा घालून जाता येत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध आणले आणि खात्यातला आपलाच पैसा काढता येईना. बोगस कर्जखात्यांतून शेकडो कोटी रुपये बाहेर गेल्याचं पुढे आलं. जवळजवळ दोन लाख ठेवीदार यात सापडले. कुणाची निवृत्तीची पुंजी होती, कुणाची मुलीच्या लग्नाची, कुणाची मीठ-मासळी विकून साठवलेली. ठेवीदारांचे मोर्चे आणि कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले.

तेव्हापासून पेण-रोह्याकडे दोन प्रकारची बोलणी कानावर येतात. पहिलं, "साठवून काय झालं? खाऊन-पिऊन घ्या, उद्या कुणी पाहिलाय?" दुसरं, "बँकेचा भरवसा नाही, सोनं घ्या नाहीतर घरात ठेवा." दोन्ही बोलणी दुःखातून आलेली आहेत, म्हणून त्यांना मी हसणार नाही. पण दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. त्या ठेवीदारांची बचत करण्यात चूक नव्हती. घात झाला तो सगळं बियाणं एकाच कणगीत ठेवल्यामुळे आणि त्या कणगीवर लक्ष ठेवणाऱ्यांनी विश्वासघात केल्यामुळे. पहिली गोष्ट आपल्या हातात आहे, तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

त्या घटनेत आणखी एक दुखरी बाजू आहे. अनेक घरांत आयुष्यभर पोटाला चिमटा घेऊन पैसा साठवला होता. गळकं छप्पर तसंच ठेवलं, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन "पुढच्या वर्षी" म्हणत लांबवलं, तीर्थयात्रा राहिली ती राहिलीच. शेवटी ठेवही अडकली आणि तो आरामही मिळाला नाही. म्हणून आजच्या सुखाचा वाटाही हक्काचा आहे, तो उरलासुरला नाही, हे मी आग्रहाने सांगतो.

आधी माप घ्या

एका वहीत तीन महिने खर्च लिहा. मोबाइलवर लिहा, कॅलेंडरच्या मागे लिहा, पण घरातल्या सगळ्यांचा खर्च लिहा. तीन महिन्यांनी त्याचे तीन गट पाडा: न टाळता येणारा खर्च, आनंदाचा खर्च आणि कशावर गेला तेच आठवत नाही असा खर्च. बहुतेक घरांत बचतीची पहिली रक्कम तिसऱ्या गटातच सापडते. आनंदाला हात लावावा लागत नाही.

मग वाटे ठरवा. माझ्या मते, नोकरी नुकती लागलेल्या अविवाहित मुला-मुलीने कमाईचा पाचवा हिस्सा बियाण्याला लावावा, कारण घराची जबाबदारी अजून हलकी असते. लहान मुलं, म्हातारे आईवडील आणि घराचा हप्ता सांभाळणाऱ्या कुटुंबाला दहावा हिस्सा जमला तरी पुष्कळ. मुलं कमावती झाली की चौथा हिस्सा किंवा जास्त. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. पण दर महिन्याला तोच ठरलेला वाटा पगाराच्या दिवशीच बाजूला गेला पाहिजे. महिनाअखेरीस उरेल ते साठवू म्हणणाऱ्याचं कधीच काही उरत नाही.

बांध: खर्चाआधी आणि गुंतवणुकीआधीही

२०२० साल आठवा. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, घरांचे पत्रे आणि कौलं उडाली. त्याच वर्षी गणेशोत्सवात घरगुती मूर्तीला २ फूट आणि सार्वजनिक मंडळाच्या मूर्तीला ४ फूट उंचीची मर्यादा आली. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत महिनोन्‌महिने आधी काम सुरू होतं, त्यामुळे अशी मर्यादा येण्याआधीच मोठ्या मूर्ती उभ्या राहिलेल्या असतात. एका वर्षात तीन तडाखे. अशा वेळी ज्याच्याकडे सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवलेला होता तो डगमगला, पण पडला नाही. ज्याच्याकडे नव्हता त्याला सावकार, सोनं गहाण किंवा चढ्या व्याजाचं कर्ज यांतलं काहीतरी गाठावं लागलं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की काय होतं ते खारेपाटातल्या माणसाला सांगावं लागत नाही. चढ्या व्याजाच्या कर्जाचंही तसंच आहे. संकट एका महिन्याचं असतं, पण जमीन पाच वर्षं नासते.

या बांधाचे तीन थर आहेत.

पहिला थर, हाताशी असलेला पैसा. पगारदाराने सहा महिन्यांच्या आवश्यक खर्चाएवढी रक्कम ठेवावी. हंगामी कमाई असलेल्याने वर्षभराच्या किमान खर्चाएवढी ठेवावी. ही रक्कम बचत खात्यात आणि छोट्या-छोट्या मुदत ठेवींत विभागून ठेवा. एक लाखाची एकच ठेव करण्यापेक्षा पंचवीस हजारांच्या चार करा, म्हणजे गरज पडल्यावर एकच मोडावी लागते. या पैशावर जास्त व्याज शोधू नका. बांधाकडून भात पिकवून घ्यायचं नसतं.

दुसरा थर, कमावत्या माणसाचा विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती विमा संरक्षण मिळतं, वय १८ ते ७०. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा मिळतो, त्यात १८ ते ५० वयात सहभागी होता येतं. दोन्ही मिळून वर्षाला ४५६ रुपये. दोन्हींचे हप्ते बँक खात्यातून आपोआप जातात, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक आहे ना ते पाहा. घराचं कर्ज असेल, मुलं लहान असतील तर एवढ्याने भागणार नाही. अशा वेळी साधा मुदत विमा घ्या. त्यात मुदत संपल्यावर काही परत मिळत नाही, म्हणूनच हप्ता कमी आणि संरक्षण मोठं असतं. विमा आणि बचत एकाच पॉलिसीत मिळतात म्हणून कुणी आग्रह करत असेल, तर हप्ता किती आणि घरच्यांना मिळणारी रक्कम किती, एवढेच दोन आकडे विचारा.

तिसरा थर, दवाखाना. रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आणि महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्ड असायला हवं. कंत्राटदाराकडे काम करत असाल तरी हा हक्क तुमचा आहे. कार्ड निघालं आहे का, त्यात आईवडिलांची आणि मुलांची नावं आहेत का, ते पाहा. शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या उपचारांसाठी ठरलेल्या रुग्णालयांत खर्च मिळतो. शिधापत्रिका आणि आधारवरची नावं जुळतात का, हे आजारपणाआधी तपासा. रुग्णालयाच्या दारात स्पेलिंग दुरुस्त करत बसण्याची वेळ कुणावर येऊ नये.

खावटी: आरामावर खर्च करायचा तो कसा

आरामावर केलेला खर्च म्हणजे उधळपट्टी, अशी समजूत आपल्या घराघरांत आहे. मला ती मान्य नाही. शरीराला, वेळेला आणि नात्यांना सुख देणारा खर्च हा चांगला खर्च आहे.

कंबर दुखत असताना वीस वर्षांच्या जुन्या गादीवर झोपणारे आईवडील, गुडघे गेले तरी उकिडवं बसावं लागणारा संडास, उन्हाळ्यात रात्रभर लाईट गेली की घामाघूम होणारं तान्हं बाळ: या ठिकाणी पैसे घाला. चष्म्याचा नंबर वेळेवर बदला, दात वेळेवर दाखवा. रोज पेणहून पनवेल किंवा नवी मुंबईला जाणाऱ्या माणसाचा दिवसाला एक तास वाचत असेल आणि तो तास मुलांबरोबर जाणार असेल, तर त्यासाठी घेतलेली गाडी चैनीची नाही. धुणं-भांडी करून हात सोललेल्या बाईसाठी वॉशिंग मशीन ही गरज आहे. हिवाळ्यात नातलगांना बोलावून वालाच्या शेंगांची पोपटी लावली, तर त्या संध्याकाळचे पैसे वसूल झालेच समजा.

खर्च करण्याआधी चार प्रश्न विचारावेत. हे मी रोज किंवा दर आठवड्याला वापरणार आहे का? पाहणारं कुणी नसतं तरी मी हे घेतलं असतं का? रोखीने घेता येतं, की हप्ता लागणार? आणि हे घेतल्यावर या महिन्याचा बियाण्याचा वाटा शाबूत राहतो का? चारही उत्तरं बरी आली तर वस्तू घ्या, आणि घेतल्यावर मनाला खात बसू नका.

दुसरा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. आपल्या भागात लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद लग्नाइतकीच मोठी होत चालली आहे. मंडप, डीजे, जेवणावळी, एकाच रंगाचे कपडे. गावाची, भावकीची जेवणावळ हा आपला आनंद आहे, तो जपावा. पण त्यासाठी व्याजाने पैसे काढले तर नवं जोडपं संसाराची सुरुवातच देणं घेऊन करतं. लग्न ठरण्याआधीच दोन्ही घरांनी बसून एक आकडा ठरवावा आणि त्यातला दहावा हिस्सा नवऱ्या-नवरीच्या नावाने ठेव म्हणून ठेवावा. अहेराच्या पाकिटांतले पैसेही त्या ठेवीतच घालावेत. वीस वर्षांनी डीजेवरचं गाणं आठवणार नाही. ठेव मात्र मुलांच्या फीच्या वेळी कामाला येईल.

हप्त्यांबद्दल एक साधा नियम. घराचा हप्ता सोडून बाकीचे सगळे हप्ते मिळून कमाईच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ देऊ नका. शून्य व्याजाचा मोबाइल घेताना प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीच्या खरेदीवर सूट मिळते का, हे आधी विचारा.

बियाणं: लवकर पेरलेलं

आकडा समोर असला की गोष्ट पटते. दर महिन्याला २,००० रुपये पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) ३० वर्षं घातले आणि आजचा ७.१ टक्के दर तसाच राहिला असं धरलं, तर भरणा होतो ७ लाख २० हजार आणि हाती येतात सुमारे २४ लाख. हेच दहा वर्षं उशिरा सुरू केलं आणि २० वर्षं घातले, तर भरणा ४ लाख ८० हजार आणि हाती सुमारे १० लाख ३० हजार. भरणा २ लाख ४० हजारांनीच कमी झाला, पण हाती येणारी रक्कम साडेतेरा लाखांहून जास्त कमी झाली. दर वर-खाली होतील, पण या हिशेबाचा कल तोच राहील.

आता महागाई. ती ६ टक्के धरली तर आज २० हजारांत चालणाऱ्या घराला वीस वर्षांनी सुमारे ६४ हजार लागतील. म्हणून गाठीला असलेला सगळा पैसा बचत खात्यात पडून राहिला तर तो न मोडताच झिजतो. दूरच्या उद्दिष्टांसाठी, म्हणजे दहा वर्षांपलीकडच्या, थोडा हिस्सा म्युच्युअल फंडांतून शेअर बाजारात घालायला हरकत नाही. पण बाजार एखाद्या वर्षी तिसऱ्या हिश्श्याने खाली गेला तरी झोप उडणार नाही, एवढाच घाला. पुढच्या तीन वर्षांत लागणारा पैसा तिथे अजिबात नको.

कुठे काय ठेवायचं, याचा ढोबळ आराखडा असा:

पोस्टाच्या आवर्ती ठेवीत महिना १०० रुपयांपासून सुरुवात करता येते, मुदत ५ वर्षं. सवय लावायला हे उत्तम.

पीपीएफ १५ वर्षांचं असतं, वर्षाला ५०० रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरता येतं. ज्यांचा हात पैसा पाहिला की सैल सुटतो त्यांच्यासाठी ही लांब मुदत वरदान आहे.

मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर सुकन्या समृद्धी खातं. त्याचा दर सध्या ८.२ टक्के आहे.

असंघटित क्षेत्रात असाल, वय १८ ते ४० असेल आणि आयकर भरत नसाल तर अटल पेन्शन योजना. साठीनंतर महिना ५,००० रुपयांसाठी १८ व्या वर्षी सुरू केल्यास महिन्याला २१०, तिसाव्या वर्षी ५७७ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये भरावे लागतात. पण तीस वर्षांनंतरचे ५,००० म्हणजे आजच्या हजाराच्या आतबाहेर, हे ध्यानात ठेवा. ही पेन्शन आधार देईल, सगळं घर चालवणार नाही.

साठी ओलांडलेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. आजच्या ८.२ टक्के दराने ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याकाठी साडेवीस हजार पडतात.

आपलं माप काढताना याच शेवटच्या आकड्यावरून उलटं या. साठीनंतर महिन्याला किती लागेल? त्यातून स्वतःचं घर, घरचा तांदूळ, पेन्शन वजा करा. उरलेल्यासाठी किती पुंजी हवी? रोह्याजवळच्या गावात स्वतःचं घर आणि दोन एकर भातशेती असलेल्या माणसाचं माप मुंबईच्या भाडेकरूपेक्षा पुष्कळ लहान आहे. टीव्हीवरचे कोट्यवधींचे आकडे ऐकून घाबरू नका. जेवढी आपली जमीन तेवढंच बियाणं.

पगारदारांनो, पीएफची मुडी सोडू नका

धाटाव किंवा डोलवीकडे कंत्राटी काम करणारी मुलं दर दोन-तीन वर्षांनी मालक बदलतात. काम सुटलं की पीएफ काढायचा, गाडीचा भरणा करायचा, नव्या ठिकाणी पुन्हा शून्यापासून सुरुवात. अशी पेरणीआधीच मुडी सुटते. पीएफसाठी मिळालेला तुमचा यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच राहतो. नवी नोकरी लागली की जुना पीएफ त्याच क्रमांकाखाली नव्या खात्यात वळवा. याचा दुसरा मोठा फायदा आहे. कर्मचारी पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची नोकरी भरावी लागते. मधेच पेन्शनचेही पैसे काढून घेतले की ती वर्षं मोजली जात नाहीत. महिन्यातून एकदा मोबाइलवर पीएफचा भरणा पाहा. पगारातून कापलेली रक्कम खात्यात दिसत नसेल तर लगेच लेखी विचारणा करा.

हंगामी कमाई असेल तर स्वतःला पगार द्या

मूर्तिकाराचा पैसा श्रावण-भाद्रपदात येतो. पापड, मिरगुंडं, पोहे करणाऱ्या बायकांची कमाई उन्हाळ्यात फुगते. वालाचं पीक आलं की शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात. बाकीचे महिने कोरडे.

अशा घरांनी दोन खाती ठेवावीत. धंद्याचा सगळा पैसा पहिल्या खात्यात जमा व्हावा. हंगाम संपला की त्यातून आधी कच्च्या मालाचं आणि कर्जाचं देणं द्यावं. मग पुढच्या वर्षीची माती, रंग, मजुरी यांसाठी रक्कम वेगळी ठेवावी. धंद्याचं बियाणं ते हेच. दरवर्षी ते सगळं कर्जानेच आणावं लागत असेल, तर नफ्याचा मोठा तुकडा व्याजातच जातो. पहिल्या वर्षी कच्च्या मालाचा दहावा हिस्सा स्वतःच्या पैशातून घ्या, पुढच्या वर्षी पाचवा. उरलेल्या रकमेचे बारा भाग करा आणि दर महिन्याच्या एक तारखेला एक भाग घरखर्चाच्या दुसऱ्या खात्यात वळवा. भाद्रपदात नवी बाईक आणि फाल्गुनात उसनवारी, हे चक्र त्याने थांबतं.

जमिनीचा मोबदला हाती आला तर

महामार्ग, रेल्वे, कारखाने, धरणं यांसाठी आपल्या जिल्ह्यात जमिनी जात आल्या आहेत. २००८ च्या सप्टेंबरमध्ये महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) पेण तालुक्यातल्या गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं, तेव्हा रोख मोबदल्यापेक्षा जमिनीला धरून राहणारी माणसं आपण पाहिली. त्यामागे साधा हिशेब होता. जमीन दरवर्षी देते, रोकड एकदाच.

म्हणून मोबदला आला तर त्याला कमाई समजू नका. ती विकलेली जमीन आहे. पहिले सहा महिने काहीही मोठी खरेदी नको. रक्कम दोन-तीन बँकांत अल्प मुदतीच्या ठेवींत ठेवा. या काळात दारात बरेच सल्लागार येतील. मग चढ्या व्याजाची देणी फेडा. दहावा हिस्सा घराच्या आरामासाठी मोकळेपणाने काढा: छप्पर दुरुस्त करा, न्हाणीघर बांधा, आईला काशीला न्या. उरलेल्या रकमेतून दरवर्षी जमिनीसारखं काहीतरी येत राहील अशी सोय लावा. भावाबहिणींचे वाटे कागदावर आधीच स्पष्ट करा. पैसा आल्यावर कोर्टात गेलेली घरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

कणगी एकच नको

लोकांच्या पैशाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यातलं एक नाव आठवतं: भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. त्यांचा जन्म १८९६ मध्ये महाडजवळच्या नाते गावात झाला आणि त्यांचं बालपण रोह्यात गेलं. ते केंद्रात अर्थमंत्री असतानाच १९५६ मध्ये आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. लोकांनी हप्त्याहप्त्याने भरलेला पैसा खासगी कंपन्यांच्या मनमानीत बुडू नये, ही त्यामागची चिंता होती. बँकेतल्या ठेवींना संरक्षण त्यानंतर मिळालं: ठेवींवरचा विमा १ जानेवारी १९६२ पासून सुरू झाला. तेव्हा तो दर ठेवीदाराला १,५०० रुपये होता, १९९३ मध्ये १ लाख झाला. पेण अर्बनवर निर्बंध आले तेव्हाही तो १ लाखच होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो ५ लाख आहे. २०२१ मधल्या दुरुस्तीने आणखी एक दिलासा दिला: बँकेवर निर्बंध आले तर विम्यापुरती रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली.

या नियमातले बारकावे माहीत हवेत. ५ लाखांची मर्यादा एका माणसाला एका बँकेत मिळून आहे. मुद्दल आणि व्याज दोन्ही धरून, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांतली खाती एकत्र मोजून. पेण शाखेत पाच आणि रोहा शाखेत पाच ठेवले तर दहा लाखांचं संरक्षण मिळत नाही. दोन वेगळ्या बँका हव्यात. सहकारी बँकांना हा विमा आहे, पण पतसंस्था आणि पतपेढ्यांना तो नाही. आपल्याकडे हा फरक अनेकांना ठाऊक नसतो, कारण पाटी सारखीच दिसते आणि आत बसलेला माणूसही ओळखीचाच असतो. पतसंस्थेत पैसे ठेवू नका, असं मी म्हणत नाही. तिथे फक्त तेवढेच ठेवा जे अडकले तर घर थांबणार नाही.

पोस्टातल्या ठेवींमागे केंद्र सरकारची हमी आहे. सोनं अडीनडीला चांगलं, पण दागिन्याची घडणावळ परत मिळत नाही आणि घरातल्या सोन्याला चोरीची भीती. भिशी विश्वासू मैत्रिणींत छोट्या रकमेपुरती ठीक. आणि शेजारच्या बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज कुणी देत असेल, तर ते जास्तीचे पैसे कुठून येतात, हे त्याच्याकडून समजून घेतल्याशिवाय सही करू नका.

प्रत्येक खात्यावर वारसाचं नाव लावा. एका वहीत सगळी खाती, पॉलिसी, पीएफ क्रमांक लिहून ठेवा आणि ती वही कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगा. नवरा गेल्यावर कुठल्या बँकेत काय आहे हेच बायकोला माहीत नसणं, ही बँक बुडण्याइतकीच मोठी आपत्ती आहे.

घरात बोला

पैशाचं बोलणं आपण रागाच्या वेळी करतो, म्हणून ते भांडण होतं. महिन्यातून एकदा रविवारी जेवण झाल्यावर अर्धा तास बसा. नवरा, बायको, कमावती मुलं, आणि ऐकायला लहान मुलंही. या महिन्यात बांधाला किती, बियाण्याला किती, खावटीत कशाने सुख मिळालं, एवढंच बोला. म्हाताऱ्या आईवडिलांना विचारा, "तुम्हाला काय हवंय?" ते पहिल्यांदा "काही नको" म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा.

सुरुवात या महिन्यातच होऊ शकते. पहिल्या आठवड्यात वही सुरू करा. दुसऱ्या आठवड्यात पगाराच्या किंवा कमाईच्या दिवशी आपोआप वळणारी एक छोटी आवर्ती ठेव सुरू करा, ५०० ची असली तरी चालेल. तिसऱ्या आठवड्यात आपल्या सगळ्या ठेवी कुठे किती आहेत ते मांडा आणि एका बँकेत ५ लाखांच्या वर काही असेल तर हलवा. चौथ्या आठवड्यात घरातली एक अशी गोष्ट शोधा, जी "पुढच्या वर्षी" म्हणत राहिली आहे. आईचा चष्मा असेल, गळणारी खोली असेल, बहिणीकडे जाऊन चार दिवस राहणं असेल. बांधाचा आणि बियाण्याचा वाटा बाजूला निघाला आहे ना, ते वहीत पाहा. निघाला असेल तर ती गोष्ट याच महिन्यात करून टाका. खावटीचं भात खाण्यासाठीच असतं.